एकाच टाकीचे पाणी

२०१७ सालच्या जून महिन्यात माझ्या हातात चार ओळींचा कार्यालयीन आदेश पडला. मृदाशास्त्र विभागातील अध्यापन सांभाळून मुलांच्या वसतिगृहाच्या रेक्टरपदाचा अतिरिक्त कार्यभार मी पुढील आदेशापर्यंत स्वीकारावा, असे त्यात म्हटले होते आणि शेवटच्या ओळीत, रेक्टरने वसतिगृहाच्या आवारातील निवासस्थानीच राहणे बंधनकारक आहे, अशी पुस्ती होती. मराठवाड्यातील ज्या कृषी महाविद्यालयात मी शिकवत होतो, तेथे या पदासाठी कोणी अर्ज करत नसे. जो त्या वर्षी बदलीच्या यादीत नसेल, ज्याच्या घरी आजारी माणूस नसेल आणि ज्याला प्राचार्यांसमोर पटकन नाही म्हणता येत नसेल, त्याच्याकडे ते आपोआप चालत येई. 'पुढील आदेशापर्यंत' या दोन शब्दांचा अर्थ माझ्या बाबतीत चार वर्षे आणि दोन महिने असा निघाला.

आदेश घरी दाखवला तेव्हा पत्नीने एकच प्रश्न विचारला, "तिथे पाणी किती वाजता येतं?" मला तो प्रश्न त्या वेळी फार बारीकसारीक वाटला होता.

कार्यभार घेण्याचा दिवस म्हणजे मोजदादीचा दिवस. वसतिगृहाची इमारत तीन मजली, खोल्या साठ, प्रत्येक खोलीत तिघे, म्हणजे कागदोपत्री एकशे ऐंशी मुले आणि डेडस्टॉक रजिस्टरप्रमाणे एकशे ऐंशी लोखंडी कॉट. आधीचे रेक्टर, शिपाई आणि मी खोलीखोलीतून फिरलो, तेव्हा कॉट भरल्या एकशे चौऱ्याहत्तर. उरलेल्या सहांबद्दल विचारले असता, त्या बहुधा शेतावरच्या गोदामात असतील, असे उत्तर मिळाले आणि मी 'पडताळणीच्या अधीन राहून' असा शेरा मारून सही केली. रेक्टर या शब्दाची मला त्या दिवशी गंमत वाटली होती. युरोपातील अनेक विद्यापीठांत रेक्टर म्हणजे साक्षात विद्यापीठाचा प्रमुख, आपल्याकडच्या कुलगुरूच्या तोडीचा माणूस. आमच्याकडे मात्र दिवा गेला, कडी तुटली किंवा संडास तुंबला की ज्याच्या दाराची बेल वाजते, तो रेक्टर.

आमचे क्वार्टर तळमजल्याच्या पूर्व टोकाला होते. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे एक छोटी पडवी. बैठकीच्या खोलीची भिंत आणि एक नंबरच्या खोलीची भिंत एकच होती, त्यामुळे तिथल्या तीन मुलांपैकी पहाटे कोण उठतो आणि कोणाचा गजर नुसताच वाजत राहतो, हे पहिल्या आठवड्यातच आम्हांला पाठ झाले. पाणीही एकाच टाकीतून येई. माझ्या आधीच्या कोणीतरी क्वार्टरसाठी गच्चीवर पाचशे लिटरची स्वतंत्र टाकी बसवली होती, पण तिला तडा गेलेला होता. नवी बसवायची तर अंदाजपत्रक, मंजुरी, दरपत्रके हे सारे सोपस्कार करावे लागणार होते, म्हणून मी ते पुढे ढकलले. यात कसलाही आदर्शवाद नव्हता, केवळ कंटाळा होता. आदल्याच वर्षी मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते आणि आमच्या भागातील विहिरीही त्यातून पुरत्या सावरलेल्या नव्हत्या. ऑक्टोबर उजाडला तशी टाकी सकाळी सात वाजताच कोरडी पडू लागली आणि एके दिवशी तोंडाला साबण लावलेल्या अवस्थेत, बादली घेऊन, मी इमारतीमागच्या हातपंपावर मुलांच्या रांगेत उभा राहिलो.

त्या रांगेने जे काम केले, ते पुढे कुठल्याही सभेने केले नाही. तोपर्यंत पाण्याविषयी माझ्याकडे जे काही येई, ते तक्रारअर्जाच्या भाषेत येई आणि त्याखाली चाळीस सह्या असत. त्यानंतर मुले बातमी सांगितल्यासारखी सांगू लागली, की सर, आज मोटर सुरू झालेली नाही, किंवा, सर, दुसऱ्या मजल्यावरचा कॉक रात्रभर वाहत होता. अर्ज करताना समोरचा माणूस दुसऱ्या बाजूचा आहे हे गृहीत धरलेले असते, बातमी मात्र माणूस आपल्याच बाजूच्या माणसाला सांगतो. स्वतंत्र टाकीचा प्रस्ताव मी शेवटपर्यंत पाठवला नाही. पत्नीने याबद्दल मला पुरते माफ केले आहे, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांमुळे रेक्टरच्या कामाला एक चौकट आली आहे. प्रथम वर्षाची मुले शक्यतो वेगळ्या भागात ठेवायची, विद्यार्थी आणि पालक या दोघांकडून शपथपत्रे घ्यायची, रेक्टरने कोणत्याही वेळी उपलब्ध असायचे. महाराष्ट्रात तर त्याच्या दहा वर्षे आधी, १९९९ सालीच, रॅगिंगला प्रतिबंध करणारा कायदा झाला आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. शपथपत्रांची चळत माझ्या कपाटात होती. त्याच विनियमांत एक साधी सूचना अशीही आहे, की अध्यापकांनी वसतिगृहात मुलांबरोबर जेवावे, म्हणजे नव्या मुलांना धीर येतो. तिचा उल्लेख मात्र मी कोणत्याही बैठकीत ऐकला नव्हता. मी ती मनावर घेतली आणि मंगळवारी व शुक्रवारी रात्री मेसमध्ये जेवायला जाऊ लागलो.

पहिले तीन आठवडे मी ज्या टेबलावर बसे, ते टेबल मुके होई. शेजारचा मुलगा दुसरी भाकरी घ्यावी की नाही, या विचारात ताटाकडे पाहत राही. मग एका शुक्रवारी, तृतीय वर्षाचा एक धीट मुलगा वरणाची वाटी उचलून म्हणाला, "सर, तुम्ही रोज जेवायला येत जा. मंगळवार-शुक्रवार वरण घट्ट असतं." सगळे टेबल हसले आणि आचारी स्वयंपाकघरात दिसेनासा झाला. त्यानंतर मी वार ठरवणे सोडून दिले.

आमची मेस मुलांच्याच समितीकडे होती. किराणा, भाजी, गॅस, आचाऱ्यांचा पगार असा महिन्याचा सारा खर्च ताटांच्या संख्येवर वाटला जाई आणि जो मुलगा बाहेरगावी जाणार असेल, तो आदल्या संध्याकाळी वहीत खाडा लावी. सलग तीन दिवसांचा खाडा असेल, तरच तो बिलातून वजा होई. ही वही महिन्याअखेर माझ्याकडे सहीला येत असे आणि सुरुवातीला मी ती न वाचताच सही करत असे. २०१८ च्या जानेवारीत मात्र एका नावाशी माझी नजर थांबली. द्वितीय वर्षाच्या एका मुलाचे खाडे डिसेंबरमध्ये नऊ आणि जानेवारीत अकरा होते. दुसरा कोणी ही वही पाहता, तर मुलगा वारंवार गावी जातो, इतकाच निष्कर्ष निघाला असता आणि त्याला उपस्थितीबद्दल तंबी देणारे पत्र गेले असते. पण तो मुलगा गावी जात नाही, हे मला ठाऊक होते, कारण रोज सकाळी सहा वाजता आमच्या पडवीसमोरच्या नळावर दात घासताना मी त्याला पाहत होतो. खाड्याच्या त्या सलग तीन-चार दिवसांतही तो तिथेच असे, अंगावर तोच राखाडी स्वेटर.

मी दोन-तीन दिवस काहीच बोललो नाही. चौकीदाराकडून इतके कळले, की खाड्याच्या दिवसांत तो संध्याकाळी फाटकाबाहेरच्या गाड्यावरून चुरमुरे आणि फुटाणे घेऊन येतो. त्याला बोलावून विचारणे सोपे होते, पण विचारल्यावर तो काय उत्तर देणार होता? वडिलांकडे दीड एकर कोरडवाहू जमीन आहे आणि त्या वर्षी कापसावर बोंडअळी पडली आहे, हे मला त्याच्या प्रवेशअर्जावरून आणि वर्तमानपत्रावरून कळतच होते. मेस समितीच्या पुढच्या बैठकीत मी एवढेच म्हटले, की हिशेबाची वही फार गिचमीड लिहिली जाते, ज्याचे अक्षर चांगले आहे अशा कोणाकडे तरी ती द्यावी, आणि मग त्याचे नाव सुचवले. हिशेब लिहिणाऱ्याला जेवण माफ असे, हा आमच्या मेसचा जुना रिवाज होता. समितीतील मुलांनी एकमेकांकडे पाहिले आणि एकानेही आक्षेप घेतला नाही. त्यांना ते सगळे माझ्या आधीपासून माहीत असावे, असे मला आता वाटते. तो मुलगा दुसऱ्या दिवशी वही घ्यायला आला, तेव्हा मी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचा विषय काढला. त्याने अर्ज केलेलाच नव्हता, कारण त्याच्याजवळ अल्पभूधारक असल्याचा दाखला नव्हता. दाखला कोठे आणि कसा मिळतो, हे मी कागदावर लिहून दिले. त्याने तो कागद चार घड्या घालून खिशात ठेवला, "येतो सर" म्हणाला आणि गेला. पुढच्या महिन्याच्या वहीत, त्याच्याच हातच्या सुवाच्य अक्षरात, त्याच्या नावापुढे शून्य होते.

अमेरिकेत हार्वर्ड आणि येल येथे १९३० च्या दशकापासून प्राध्यापक विद्यार्थिनिवासांत सहकुटुंब राहत आले आहेत आणि एका टेबलावरचे जेवण हा तेथे त्या व्यवस्थेचा गाभाच मानला जातो. आमच्या आदेशात जेवणाचा उल्लेख नव्हता. त्यात 'शिस्त' हा शब्द मात्र दोनदा होता. आमच्याकडे दुसरा वारसा आहे तो बोर्डिंगांचा. १९२४ साली साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी बोर्डिंग सुरू केले आणि मुलांच्या अन्नासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रही मोडले, ही हकिकत महाविद्यालयाच्या कार्यक्रमांत पाहुणे हमखास सांगत आणि सांगताना माझ्या पत्नीकडे पाहून हसत. ती एकदा घरी येऊन म्हणाली, "त्यांनी ते व्रत म्हणून घेतलं होतं. मला तर आदेशाची प्रतसुद्धा मिळालेली नाही." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. क्वार्टर मिळाल्यामुळे घरभाडे भत्ता बंद झाला होता, मुलीच्या वाढदिवसाच्या रात्री वरच्या मजल्यावर कोणाच्या तरी वाढदिवसाचा धिंगाणा चालू असे आणि रात्री अकरानंतर वाजलेली बेल उघडायला मी गेलो, तरी झोप दोघांचीही मोडत असे.

अशीच एक बेल २०१८ च्या जुलैमध्ये, पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री, दीड वाजता वाजली. प्रथम वर्षाच्या एका मुलाला चपलेत पाय घालताना विंचू चावला होता. मुलगा म्हणत होता, की काही नाही, जरा ठणकते आहे. पण त्याचा सदरा घामाने ओलाचिंब झाला होता, तळहात गार पडले होते आणि जिन्यात त्याला दोनदा उलटी झाली होती. वरच्या वर्गातील मुलांनी घोट्याच्या वर रुमाल करकचून बांधला होता आणि एकजण कांदा चिरून आणत होता. रुमाल सोडला, मुलाला माझ्या जुन्या गाडीत घातले आणि सहा किलोमीटरवरच्या ग्रामीण रुग्णालयात नेले. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग दाखवून दिला, हे मी पूर्वी वाचले होते. त्या रात्री ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी तीच गोळी दिली आणि दर अर्ध्या तासाने रक्तदाब पाहिला. मुलाच्या वडिलांना केव्हा फोन करायचा, हा मला त्या रात्रीचा सर्वांत अवघड प्रश्न वाटला. ऐंशी किलोमीटरवरच्या गावातून रात्री दोन वाजता निघायला त्यांच्याकडे वाहन नव्हते. मी पहाटे सहा वाजता फोन केला. ते आधी माझ्यावर रागावले आणि मग बराच वेळ काहीच बोलले नाहीत. तशी वेळ आज आली, तर मी रात्री दोन वाजताच फोन करीन.

आता जे लिहिणार आहे, ते माझ्या बाजूचे नाही. २०१९ च्या मार्चमध्ये रात्री एकच्या फेरीत तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत चार मुले दारू पिताना सापडली. त्यांपैकी तिघे इतर वर्षांचे होते, चौथा माझ्या वर्गातला. नियमाप्रमाणे मी चौघांचे जबाब घेतले, दंड केला, पालकांना पत्रे गेली. नेमकी त्याच आठवड्यात माझ्या विषयाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. तोंडी परीक्षेला तो समोर बसला, तेव्हा मी त्याला मातीचा सामू, म्हणजे पीएच, कसा मोजतात, असा अगदी सोपा प्रश्न विचारला. वर्षभर प्रयोगशाळेत तो स्वतः मीटर हाताळत आला होता. तरी तो टेबलाच्या कडेकडे पाहत गप्प बसून राहिला. दुसरा प्रश्न, तिसरा प्रश्न, तेच. मी त्याला वीसपैकी आठ गुण दिले. उत्तरे आली नाहीत, म्हणून आठ, असे मी स्वतःला सांगितले. पण निकाल लावून झाल्यावरही, समोर दुसरा परीक्षक असता तर तो गप्प बसला असता का, आणि रात्री एक वाजताचा माझा आवाज त्याच्या कानात नसता तर काय झाले असते, हा विचार काही सुटला नाही. हातात गुणही आणि खोलीही, अशी दुहेरी सत्ता एका माणसाकडे असली, की तो कितीही न्यायाने वागला, तरी समोरच्याला ते न्यायाने वागणे दिसण्याची सोय राहत नाही. पुढच्या सत्रापासून वसतिगृहातील मुलांची तोंडी परीक्षा विभागातील दुसऱ्या सहकाऱ्याने घ्यावी, अशी विनंती मी विभागप्रमुखांना लेखी केली. त्यांनी ती तोंडी मान्य केली. हा नियम म्हणून कुठेच लिहिला गेलेला नाही आणि तो लिहिला गेला पाहिजे, असे माझे मत आहे.

मग २०२० चा मार्च आला. महाविद्यालये बंद होताच दोन दिवसांत इमारत रिकामी झाली. २४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा अखिल भारतीय कोट्यातून आलेली अकरा मुले आत राहिली होती : केरळची चार, राजस्थानची चार, बिहारची तीन. आचारी गावी गेलेले. कोठीत ज्वारी, तांदूळ आणि तूरडाळ होती, महाविद्यालयाच्या मळ्यावर वांगी आणि मेथी होती. आम्ही मेसच्या मोठ्या चुलीऐवजी एकाच शेगडीवर स्वयंपाक सुरू केला आणि पाळ्या लावल्या. ज्वारीची भाकरी थापायला राजस्थानचा एक मुलगा माझ्यापेक्षा लवकर शिकला, कारण त्याला बाजरीची येत होती. माझी नऊ वर्षांची मुलगी कॅरममध्ये त्यांना हरवू लागली, किंवा ते तिच्याकडून हरू लागले. टाकी आता भरलेली असे. बारा-पंधरा माणसांना ती कशी संपणार?

दहा-बारा दिवसांनी माझ्या असे लक्षात आले, की संध्याकाळी सहाच्या सुमारास सगळी मुले नाहीशी होतात. शोधत गेलो, तर ती मागच्या खळ्यावर बसलेली दिसली. कोणी फोनवर घरच्यांशी बोलत होता, कोणी नुसताच पडला होता आणि दोघेजण विडी ओढत होते. मला अजून कोणी पाहिले नव्हते. मी तिथूनच मागे वळलो. सकाळच्या चहापासून रात्रीच्या ताटापर्यंत ती मुले माझ्या कुटुंबाच्या डोळ्यांसमोर होती आणि दिवसातला एखादा तास तरी त्यांना मी नसलेली जागा हवी होती. त्यानंतर ती गावी जाईपर्यंत खळ्याकडे मी फिरकलो नाही. मुलीलाही तिकडे जाऊ दिले नाही. १ मेपासून श्रमिक गाड्या सुरू झाल्या आणि त्या महिन्याच्या अखेरपर्यंत, नोंदणी, वैद्यकीय तपासणी आणि बसचा प्रवास करत, एकेक गट रवाना झाला. शेवटी गेलेल्या केरळच्या मुलांनी कोठीची किल्ली, उरलेल्या तांदळाच्या किलोंचा आकडा लिहिलेल्या चिठ्ठीसह, पत्नीच्या हातात दिली.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये 'पुढील आदेश' आला. नवे रेक्टर माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, नुकतेच लग्न झालेले. मधल्या काळात इमारतीत विलगीकरण कक्ष होऊन गेला होता, त्यामुळे खोल्यांचे क्रमांक पुसट झाले होते आणि गाद्यांची दशा वाईट होती. आम्ही दोघे आणि शिपाई पुन्हा खोलीखोलीतून फिरलो. गच्चीवर गेल्यावर त्यांनी तडा गेलेल्या टाकीवर हात ठेवून विचारले, की क्वार्टरची ही टाकी दुरुस्त करून घेता येईल का. मी म्हटले, अंदाजपत्रक टाका, मंजूर होईल. खाली येऊन कॉट मोजल्या, त्या एकशे चौऱ्याहत्तर भरल्या. रजिस्टरमध्ये एकशे ऐंशी होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले. बहुधा शेतावरच्या गोदामात असतील, असे मी सांगितले.